पेण-रोहे अंतराचा प्रश्न

पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातील दोन तालुक्यांची ठाणी. १ जानेवारी १९८१ पर्यंत ह्या जिल्ह्याचे नाव कुलाबा असे होते. नकाशावर पट्टी ठेवली असता पेणहून रोह्याकडे जाणारी रेषा जवळजवळ सरळ दक्षिणेस उतरते. दोन्ही स्थळांच्या रेखांशांतील फरक नाममात्र आहे. अक्षांशांतील फरक सुमारे अठरा कलांचा आहे. अक्षांशाची एक कला म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, हे ध्यानी घेतल्यास आकाशमार्गाने हे अंतर तेहतीस किलोमीटरांच्या आसपास भरते. वडखळ आणि नागोठणे यांवरून भिसे खिंडीच्या वाटेने मोटाररस्त्याने जाणाऱ्यास चाळीस ते पंचेचाळीस किलोमीटर पडतात. खिंड टाळून महामार्गाने कोलाडपर्यंत जाऊन मागे वळल्यास हाच आकडा साठ किलोमीटरांच्या जवळपास जातो. लोहमार्गाने तो सुमारे चाळीस आहे. एवढ्यावर भूगोलाचे काम संपते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ह्या आकड्यांतील एकही आकडा जसाच्या तसा उचलून सतराव्या किंवा एकोणिसाव्या शतकात नेता येत नाही, आणि तसा तो नेल्यामुळे कोकणाच्या इतिहासलेखनात एक विशिष्ट प्रकारचा घोटाळा होत आलेला आहे. शेजारशेजारची ठाणी म्हणजे परस्परांशी निकट व्यवहार असलेली ठाणी, असे गृहीत धरून महसूल, बाजार व लष्करी हालचाली यांविषयी अनुमाने केली जातात. पेण व रोहे यांच्या बाबतीत हे गृहीत कितपत टिकते, ते तपासून पाहण्यासारखे आहे.

प्रथम भूमीची रचना पाहिली पाहिजे. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतचा हा प्रदेश रुंदीने अल्प आहे; नद्या घाटाखाली उगम पावतात व थोड्याच अंतरावर खारट पाण्यास मिळतात. पेणजवळून वाहणारी भोगावती मुंबई बंदराच्या दक्षिण भागातील खाड्यांना मिळते. तिच्या दक्षिणेस अंबा नदी. ती पाली व नागोठणे यांवरून येऊन धरमतरच्या खाडीचे रूप घेते व रेवसजवळ मुंबई बंदराच्या मुखाशी पोहोचते. त्याहून दक्षिणेस कुंडलिका. ती कोलाड व रोहे यांवरून वाहत जाऊन रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून थेट खुल्या समुद्रात शिरते. भोगावती आणि अंबा ह्या एकाच आश्रित जलाशयाच्या लेकी आहेत. कुंडलिका त्या कुळातली नव्हे. अंबा आणि कुंडलिका यांच्यामधील पाणलोट नागोठण्याच्या दक्षिणेस अवचितगडाच्या डोंगररांगेने आखून दिलेला आहे, आणि भिसे खिंड ही त्या रांगेतील वाट आहे. पेण व रोहे यांच्यामधील खरी सीमा शोधावयाची तर ती तालुक्यांच्या हद्दीवर न शोधता ह्या खिंडीत शोधावी लागते.

जोपर्यंत माल आणि माणूस पाण्यावरून जात होता, तोपर्यंत ह्या सीमेला फार मोठा अर्थ होता. पेणच्या पश्चिमेस अंतोरे बंदर आहे. तेथून भात, मीठ इत्यादी माल मचव्यांतून मुंबईस जात असे. बैलगाडीच्या मानाने पडाव किंवा मचवा कितीतरी पट अधिक ओझे वाहतो. त्यामुळे जेथवर भरतीचे पाणी चढते तेथवर बाजारपेठ वाढते, हा कोकणातील सर्वसाधारण नियम येथेही दिसतो. पेण भोगावतीच्या भरतीच्या टोकाजवळ, नागोठणे अंबेच्या, रोहे कुंडलिकेच्या. तिन्ही पेठा एकाच कारणाने जन्मल्या आणि नेमक्या त्याच कारणाने एकमेकींकडे पाठ करून बसल्या, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. प्रत्येकीचे तोंड आपापल्या खाडीच्या मुखाकडे, आणि पर्यायाने मुंबईकडे होते.

भरतीओहोटीवर चालणाऱ्या प्रवासात अंतर मोजण्याचे माप कोस हे नसून पाणी हे असते. एक भरती सुमारे सहा तासांची, तेवढीच ओहोटी, आणि दररोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणाला खाडीच्या माथ्यापर्यंत भरलेला मचवा नेता येतो. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते, तेव्हा तोच मचवा अलीकडे गाळात बसतो. ह्या हिशेबाने पेणहून रोह्यास जलमार्गाने निघालेल्याची कल्पना करून पाहावी. अंतोऱ्याहून ओहोटीबरोबर खाली उतरावे, मुखाशी पाणी फिरण्याची वाट पाहावी, नंतरच्या भरतीबरोबर अंबेतून वर नागोठण्यास चढावे: म्हणजे एक ओहोटी आणि एक भरती, मिळून निम्मा दिवस. आणि एवढे करूनही प्रवासी रोह्यास पोहोचत नाही; खिंड ओलांडून जाणारी जमिनीवरची वाट शिल्लक राहतेच. संपूर्ण प्रवास पाण्यानेच करावयाचा तर बंदराबाहेर पडून थळ, अलिबाग, चौल यांवरून किनाऱ्याकिनाऱ्याने रेवदंड्यास जावे व तेथून कुंडलिकेत शिरावे. तेहतीस किलोमीटरांसाठी हा वळसा कोणताही व्यापारी घेणार नाही. जमिनीने जावे तर बैलगाडीच्या चालीने ताशी तीन किलोमीटर धरता चौदा-पंधरा तासांची वाटचाल होते. म्हणजे नागोठण्यास मुक्काम करून दोन मजला. त्यातही वडखळपासून कासूपर्यंतचा पट्टा खाजणाचा. बांध घालून समुद्राकडून मिळविलेल्या ह्या जमिनी व त्यांचे बांध राखणारे शिलोत्रीदार हा पेण तालुक्याच्या महसूल-इतिहासातील स्वतंत्र विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की, ज्या भूमीत भात पिकते ती पावसाळ्याच्या चार महिन्यांत गाडीवाट देत नाही.

ऋतूचा हा मुद्दा दोन्ही ठाण्यांना सारख्या रीतीने लागू पडत नाही. कुंडलिकेचे मुख उघड्या समुद्रावर असल्यामुळे मृगाच्या पावसाबरोबर रोह्याचा जलमार्ग बंद होई आणि नारळी पौर्णिमेनंतर तो पुन्हा खुला होई. पेणची गोष्ट निराळी. अंतोऱ्याहून मुंबईस जाणारा मार्ग बहुतांशी बंदराच्या आडोशाने जातो. म्हणून पावसाळ्यातही तो सर्वस्वी तुटत नसे. आजच्या काळातील एक वस्तुस्थिती ह्या भेदाची साक्ष देते. गेटवे ते मांडवा ही प्रवासी वाहतूक पावसाळ्यात बंद ठेवण्यात येते, तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या बोटी पावसाळ्यातही चालू असतात. पेणच्या प्रसिद्ध गणेशमूर्तींच्या धंद्याचाही विचार ह्या दृष्टीने करावयास हवा. हा माल नाशवंत नसला तरी भंगुर आहे, आणि त्याची तिथी भाद्रपद शुद्ध चतुर्थी अशी ठरलेली आहे. म्हणजे तो ऐन पावसाळ्यात मुंबईस पोहोचला पाहिजे. ज्या गावाचा मुंबईशी संबंध आषाढ-श्रावणात तुटतो त्या गावी असा धंदा मुंबईच्या गिऱ्हाइकावर वाढणे कठीण होते. मूर्तिकारांचे कसब हे अर्थातच मुख्य कारण. परंतु पेणच्या खाडीचे आश्रितत्व हे साहाय्यक कारण मानण्यास प्रत्यवाय दिसत नाही.

तथापि आडोशाचा मार्ग म्हणजे निर्धोक मार्ग नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. कुलाबा जिल्ह्यातील असंख्य घरांत त्या दिवसाची आठवण पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पावसाळ्यात जमिनीचा रस्ता दूरचा आणि बेभरवशाचा, म्हणून लोक बोटीत बसत होते; त्या प्रवासाची निकड समजून घेतल्यावाचून त्या दुर्घटनेचे प्रमाणही समजत नाही.

जलमार्गाचे राजकीय अंगही विचारात घेतले पाहिजे. १७४० पर्यंत कुंडलिकेच्या मुखावर दोन्ही तीरांस, म्हणजे रेवदंड्यास व कोर्लईस, पोर्तुगिजांचे किल्ले होते. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेट मजबूत केले व लगोलग सिद्दीने उंदेरी धरले; पुढे आंग्र्यांचे आरमार कुलाब्याहून ह्या पाण्यावर सत्ता गाजवू लागले व जहाजांना त्यांचे दस्तक घेणे भाग पडू लागले. रोह्याहून निघालेला मचवा मुंबईस पोहोचेपर्यंत इतक्या सत्तांच्या तोफांखालून जात असे. अशा स्थितीत अंतर म्हणजे केवळ वेळ नव्हे. अंतर म्हणजे वेळ, ऋतू आणि परवाना यांचा गुणाकार. जुन्या कागदपत्रांतील ‘दूर’ व ‘नजीक’ हे शब्द ह्या तिहेरी अर्थाने वाचले नाहीत तर त्यांचा अर्थ हमखास चुकतो.

ह्या संदर्भात सर्वांत बोलका पुरावा एका इंग्रज वकिलाच्या प्रवासाचा आहे. १६७४ च्या मे महिन्यात हेन्री ऑक्झिंडेन मुंबईहून रायगडास निघाला. ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकाचा तो साक्षीदार. त्याचा मार्ग मुंबईहून चौल, तेथून नदीने अष्टमी, आणि पुढे निजामपूरवरून रायगडाचा पायथा असा होता. अष्टमी हे कुंडलिकेच्या उत्तर तीरावरील गाव, रोहे दक्षिण तीरावर. दोहोंचा मिळून ‘रोहे-अष्टमी’ असा उल्लेख रूढ आहे. आजचा प्रवासी मुंबईहून रायगडास जाताना पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव ह्या ओळीने जातो व रोहे त्याच्या उजव्या हातास बाजूला राहते. ऑक्झिंडेनच्या मार्गात नेमके उलट आहे: रोहे वाटेवर आहे आणि पेणचा पत्ताच नाही. नकाशा तोच, डोंगर-नद्या त्याच; परंतु एका काळी जे गाव दारात होते ते दुसऱ्या काळी परसात गेले. मे महिना असल्यामुळे समुद्र अजून खुला होता, हेही विसरता कामा नये. हाच वकील जुलैत निघता तर त्याला चौलची वाट सोडून देणे भाग पडले असते.

पेणच्या बाजूनेही हाच न्याय दिसतो. पेणचे महत्त्व दक्षिणेकडील रोह्याशी जडलेले नव्हते. ते पूर्वेकडील बोरघाटाशी जडलेले होते. घाटावरचा माल खोपोलीस उतरून पनवेल किंवा पेण येथे पाण्यास लागे. १८३० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तेव्हा ह्या व्यवहारास बळ मिळाले. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढून गेली तेव्हा घाटावरचा माल बंदराची पायरी न चढताच मुंबईस जाऊ लागला, आणि ह्या खाड्यांवरील पेठांचा त्या व्यापारातील वाटा घटणे ओघानेच आले. सारांश, कोकणातील जुने दळणवळण आडवे होते, घाटाकडून बंदराकडे. पेण-रोहे ही रेषा उभी आहे. ती ह्या साऱ्या आडव्या वाटांना छेदून जाते व त्यांपैकी एकीशीही जुळत नाही. नागोठण्याचा प्रसिद्ध दगडी पूल हे ह्याचे मूर्त उदाहरण होय. गॅझेटियरकारांनी नोंदविलेल्या परंपरेप्रमाणे चौलच्या काझी अलाउद्दीनाने तो १५८० च्या सुमारास बांधला. चौल बंदराकडे जाणाऱ्या राजमार्गावरचा हा पूल. त्याच्या कठड्यांमधील रुंदी दहा फुटांहूनही कमी असल्याने त्यावरून गाडी जाऊ शकत नसे. माणसे, घोडी आणि लमाणांचे तांडे यांच्यासाठी तो होता. पेणहून रोह्यास गाडी जावी असा विचार तो बांधणाऱ्याच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

ही उभी वाट प्रथम पक्की झाली तीही पेण-रोह्यासाठी नव्हे. महाबळेश्वर हे मुंबई सरकारचे थंड हवेचे ठिकाण झाल्यावर मुंबईहून नागोठण्यापर्यंत पाण्याने व तेथून महाडवरून घाट चढून जाण्याचा प्रघात पडला. साहेबाच्या उन्हाळ्याने कोकणाला रस्ता दिला, असे थोडे चमत्कारिक परंतु यथार्थ विधान येथे करता येते. नागोठण्याहून हा रस्ता कोलाडकडे गेला आणि रोहे त्यापासून सुमारे बारा किलोमीटर पश्चिमेस राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई-धरमतर आगबोटी नियमितपणे चालू झाल्यावर धरमतर हे जिल्ह्याचे दार बनले. १८६९ मध्ये कुलाबा जिल्हा ठाण्यापासून स्वतंत्र होऊन अलिबाग हे त्याचे मुख्य ठिकाण झाले होते. पेणकराला कचेरीच्या कामासाठी धरमतरची खाडी ओलांडावी लागे, रोहेकराची वाट रेवदंड्याकडून जाई. एका जिल्ह्याचे हे दोन तालुके अलिबागेत भेटत होते, परंतु भिसे खिंडीत क्वचितच.

विसाव्या शतकात ह्याच उभ्या रस्त्याचे मुंबई-गोवा महामार्गात रूपांतर झाले. त्याला प्रथम १७ हा व नंतर ६६ हा राष्ट्रीय क्रमांक मिळाला. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाल्यामुळे मुंबईची मोटार ठाण्याचा वळसा न घेता पनवेलकडे येऊ लागली आणि पेण मुंबईच्या आणखी जवळ आले. पेण आणि रोहे यांच्यामधील वेळ मात्र त्या पुलाने एका क्षणानेही कमी झाली नाही. २०११ मध्ये पनवेल ते इंदापूर ह्या ८४ किलोमीटरांच्या चौपदरीकरणास आरंभ झाला व ते काम दशकाहून अधिक काळ रेंगाळले. ह्या काळात वडखळच्या कोंडीत अडकलेल्या प्रवाशाला तासाभराच्या वाटेस दोन-अडीच तास लागणे हे नवल राहिले नाही. रस्त्याची लांबी तीच राहून अंतर वाढू शकते, हे समजण्यास सतराव्या शतकात जाण्याची आवश्यकता नाही.

पेण-रोहे ही रेषा खऱ्या अर्थाने प्रथम आखली ती लोहमार्गाने. दिव्याहून पनवेल व पुढे आपटे येथवर आगगाडी १९६० च्या दशकात आली आणि थबकली. कोकण रेल्वेची मागणी त्याहून कितीतरी जुनी. अ. बा. वालावलकर यांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले, बॅरिस्टर नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली, आणि मधु दंडवते १९७७ ते १९७९ ह्या काळात रेल्वेमंत्री असताना तिला सरकारदरबारी वजन आले. १९८६ मध्ये गाडी पेण, कासू व नागोठणे यांवरून रोह्यास पोहोचली. अंबेचे खोरे सोडून कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरणारा हा मार्ग बारमाही होता. भरती, उधाण, चिखल यांपैकी कशाचीच त्याला पर्वा नव्हती. दोन मजलांची वाट पाऊण-एक तासावर आली. त्याच सुमारास नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आणि रोह्याजवळील धाटावची औद्योगिक वसाहत यांमुळे ह्या पट्ट्यात कामगारांची रोजची ये-जा वाढली. पेणच्या माणसाला रोह्यास दररोज जाण्याचे कारण उत्पन्न झाले, हे ह्या प्रदेशाच्या इतिहासात नवीनच होते.

येथेही एक आक्षेप संभवतो. लोहमार्ग रोह्यापर्यंत आला तो रोह्यासाठी नव्हे, पुढे मंगळुरास जाण्यासाठी, असे म्हणता येईल. आणि ते खरे आहे. चौलचा राजमार्ग, महाबळेश्वरचा रस्ता, गोव्याचा महामार्ग, मंगळूरची रेल्वे: ह्या दोन गावांना सांधणारी प्रत्येक वाट तिसऱ्याच कोणाच्या कामासाठी झालेली आहे. परंतु वाट कोणासाठी बांधली हा एक प्रश्न आणि तिच्यावरून कोण चालले हा दुसरा. महाबळेश्वरच्या रस्त्यावरून कोलाडचे भात गेले, मंगळूरच्या लोहमार्गावरून धाटावचा पाळीवाला गेला. हेतूवरून परिणाम ठरविणे हे सरकारी अहवालांचे वाचन करणाऱ्यास सुलभ वाटते. तथापि दळणवळणाच्या इतिहासात ती पद्धत फारशी उपयोगी पडत नाही.

आकाशमार्गाच्या तेहतीस किलोमीटरांचे काय, हा प्रश्न उरतो. पेण किंवा रोहे येथे विमानतळ नाही. तेव्हा ते अंतर आजवर पक्ष्यांखेरीज कोणी नित्य वापरलेले नाही. ते मोजणीशास्त्राचे अपत्य आहे. एकोणिसाव्या शतकातील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने गडांचे माथे परस्परांस अदृश्य रेषांनी जोडले आणि त्यानंतरच ‘सरळ अंतर’ ही कल्पना ह्या प्रदेशातील कागदांवर आली. त्यापूर्वीच्या माणसाला ती सांगितली असती तर त्याने ‘पण जाणार कसे?’ असाच प्रश्न केला असता. ह्याचा अर्थ ती निरुपयोगी आहे असा नव्हे. सरळ अंतराला प्रत्यक्ष प्रवासाच्या वेळेशेजारी ठेवले म्हणजे भूमीने, ऋतूने व राज्यसत्तेने किती अडविले ते नेमके कळते. तेहतीस किलोमीटरांस १६७४ मध्ये दोन दिवस आणि १९८६ नंतर एक तास, ह्या तफावतीत भिसे खिंड, वडखळची खाजणे आणि रेवदंड्याच्या तोफा ह्या तिन्ही गोष्टी मोजता येतात.

लोहमार्गाच्या दप्तरात ह्या जुन्या पाणलोटाची एक नवी खूण सापडते, आणि कोकणच्या दळणवळणावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने ती पाहून ठेवावी. १९९० मध्ये स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाने १९९३ मध्ये रोहे ते वीर हा आपला आरंभीचा टप्पा सुरू केला; संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्रास अर्पण झाला. मध्य रेल्वेची हद्द रोह्यास संपते. पेणचे अंतर मुंबईपासून मोजले जाते. कोकण रेल्वेच्या किलोमीटरांची गणना मात्र रोह्यापासून नव्याने सुरू होऊन मंगळुरानजीकच्या ठोकूरपर्यंत ७४१ पर्यंत जाते. तिच्या दगडांवर पेण येत नाही.